टपालपेटीची किल्ली आपल्या घरात हवी

आमच्या वसाहतीतील एका मुलीची हकीकत आधी सांगतो. बारावीनंतर तिने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, तो नाक्यावरच्या झेरॉक्स आणि नेटच्या दुकानात. अर्जाला ई-मेल पत्ता लागतो म्हणून दुकानदाराने तिथल्या तिथे खाते उघडून दिले, त्यात स्वतःचा मोबाईल क्रमांक घातला आणि पासवर्ड आपल्या वहीत लिहून ठेवला. पुढे उत्पन्नाच्या दाखल्यात त्रुटी असल्याचे पत्र त्याच खात्यावर आले. दुकानदार लग्नासाठी गावी गेलेला, वही कुलपात. मुलीला कळले तेव्हा मुदत उलटून गेली होती. त्या वर्षीची फी वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढून भरली.

दुकानदार वाईट माणूस नाही. दिवसभर लोकांचे अर्ज भरून त्याची मान मोडते. पण दुसऱ्याच्या वहीत आपला पासवर्ड असणे म्हणजे आपल्या टपालपेटीची किल्ली त्याच्या खिशात असणे होय. आपल्यापैकी कितीतरी घरांची हीच स्थिती आहे.

यंदा त्या मुलीच्या घरी एक जुना संगणक आला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. पुढची आवृत्ती घेऊ न शकणारे संगणक लोकांनी स्वस्तात काढले, त्यातलाच हा एक. त्याची स्मरणशक्ती ४ जीबी. मी त्यावर लिनक्स मिंट बसवले. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला. त्याचा मूळ मजकूर कोणालाही पाहता येतो, सुधारता येतो, वाटता येतो. परवान्याचे पैसे पडत नाहीत. मी हिशेबाच्या टेबलावर बसणारा माणूस, मला त्यातली हीच बाब आधी पटली हे कबूल करतो.

मिंटमध्ये थंडरबर्ड हा टपालाचा प्रोग्रॅम आधीच असतो. पण आम्ही तो लगेच उघडला नाही. खात्यावरची मालकी बदलल्याशिवाय प्रोग्रॅमचा उपयोग काय? मुलीला घेऊन मी दुकानात गेलो. तिथेच जावे लागते, कारण क्रमांक बदलताना खात्री करण्याचा कोड बहुधा जुन्या क्रमांकावरच येतो. दुकानदाराने तो हसत सांगितला. मग खात्यात मुलीचा स्वतःचा क्रमांक घातला, नवा लांब पासवर्ड ठेवला आणि सुरक्षेच्या पानावर खाते कोणकोणत्या यंत्रांवर उघडे आहे ते पाहिले. दुकानातली दोन यंत्रे निघाली. ती तिथून काढून टाकली.

घरी येऊन थंडरबर्ड उघडले. तो नाव आणि ई-मेल पत्ता विचारतो. ते दिले की प्रचलित सेवांची मांडणी तो स्वतःच शोधतो. शोध लागला नाही तर सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरची नावे हाताने भरावी लागतात. येणाऱ्या टपालासाठी आयमॅपचा पोर्ट बहुधा ९९३ असतो, जाणाऱ्यासाठी एसएमटीपीचा ४६५ किंवा ५८७. जीमेल असेल तर गूगलची खिडकी उघडते, तिथे पासवर्ड आणि कोड देऊन परवानगी द्यायची. जुन्या पुस्तकांत नुसता पासवर्ड भरा असे लिहिलेले सापडेल. तसे आता चालत नाही. मे २०२२ च्या अखेरीपासून गूगलने ती वाट बंद करत नेली. माझा अर्धा रविवार याच घोळात गेला!

आयमॅप घ्यावे की पॉप, हा प्रश्न येतोच. आयमॅपमध्ये मूळ पत्र सर्व्हरवरच राहते, मोबाईलवर आणि संगणकावर एकच पेटी दिसते. मात्र एकीकडे पत्र पुसले की दुसरीकडूनही जाते, हे घरातल्या लहानांना बजावून ठेवावे. पॉपमध्ये पत्र उतरवून घेतले जाते आणि मांडणी तशी असेल तर सर्व्हरवरून काढूनही टाकले जाते. मोबाईल वापरणाऱ्या घराला आयमॅपच सोयीचे.

आयमॅप घेतले तरी थंडरबर्ड पत्रांची प्रत संगणकावरही ठेवतो. मिंटमध्ये ती घरच्या फोल्डरात असते, पण त्या फोल्डरचे नाव टिंबाने सुरू होत असल्याने तो लपलेला असतो. कंट्रोल आणि एच दाबले की दिसतो. थंडरबर्ड बंद करून हा फोल्डर अधूनमधून पेन ड्राईव्हवर उतरवून घ्यावा. संगणक घरातल्या अनेकांच्या हातात असेल तर थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये प्रायमरी पासवर्डही ठेवावा. मराठीत पत्र लिहायचे तर कीबोर्डच्या मांडणीत मराठी इनस्क्रिप्ट जोडता येते. हात बसायला आठवडाभर त्रास होतो, मग जमते.

सगळे झाल्यावर मुलीच्या आईने विचारले, "दादा, नेटचे पैसे संपले तर पत्रे जातील का?" मी नेटची जोडणी तोडून दाखवली. ते त्रुटीचे जुने पत्र तसेच उघडले. मुलीने ते आईला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. पेन ड्राईव्ह आता त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, रेशन कार्ड आणि जातीच्या दाखल्याशेजारी आहे.