पद्मिनीची दुखणी
मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होत असलेल्या प्रीमियर पद्मिनी या १०८९ सीसीच्या मोटारीत पेट्रोल खेचणारा पंप इंजिनालाच जोडलेला असल्यामुळे, उन्हाळ्यात घाट चढताना इंजिन तापले की पेट्रोलची वाफ होते आणि द्रव खेचण्यासाठी घडवलेला पंप तिच्यापुढे निकामी ठरून गाडी बंद पडते. यालाच ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. पंपावर ओले फडके टाकण्याचा जुना उपाय शास्त्राला धरूनच आहे, कारण थंडाव्याने वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. वीजप्रवाह तोडून ठिणगी पाडणारे ‘पॉइंट’ झिजले, तर ते बदलून थोडक्यात भागते. खिसा खरा रिकामा करतो तो गंज: मॅटखाली मुरलेले पावसाचे पाणी तळाचा पत्रा खाते, आणि तो कापून नवा जोडण्याची मजुरी इंजिनाच्या किरकोळ दुरुस्त्यांहून कितीतरी जास्त पडते.