बोटीआधीचे तीन दिवस

तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या थोरल्या भावाचं, अण्णांचं, छोटंसं वर्कशॉप आहे. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, म्युनिचला नोकरी करतो. त्याने तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं आहे. जर्मनीत ऑक्टोबर २०१७ पासून असं लग्न कायदेशीर आहे. हे वाक्य मी आज सहज लिहिते. पण आमच्या घरात ही गोष्ट पहिल्यांदा निघाली तेव्हा अण्णा ताटावरून उठून गेले होते. पुढे दोन वर्षं ते मुलाशी बोलले नाहीत. (भाच्याला विचारूनच लिहिते आहे. नावं मात्र नकोत, असं त्याचं म्हणणं.)

मागच्या वर्षी त्याचा फोन आला. बार्सिलोनाहून सात रात्रींची बोटीची सहल, तिच्याआधी तीन दिवस त्या गावात मुक्काम. "आई, आत्या, तुम्ही या. अप्पांना विचारून बघा." अप्पांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. वहिनी मात्र त्याच रात्री माझ्याकडे आल्या. त्यांचं माहेर गदगकडचं, मनातलं बोलायचं तर कन्नडच येतं. म्हणाल्या, "अवंग एनंत करीली?" त्याला मी काय म्हणून हाक मारू? प्रश्न खराच होता. जावई म्हणावं, तर घरात मुलगी नाही. आपल्या दोन्ही भाषांत नात्यांना एवढे शब्द, पण या नात्याला नाही. मराठीत आपण 'समलिंगी' म्हणतो, कन्नडमध्ये 'सलिंगी'. दोन्ही शब्द कागदावरचे, चुलीपुढे बसून कोणी उच्चारत नाही.

मी वहिनींना वसुधेंद्रांचा 'मोहनस्वामी' हा २०१३ चा कन्नड कथासंग्रह दिला. मराठी वाचणाऱ्यांसाठी सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) आहेच. वहिनींनी पुस्तक चार दिवसांत संपवलं आणि पासपोर्ट शोधायला लागल्या.

व्हिसाचे कागद बघणाऱ्या एजंटाने हॉटेलचं बुकिंग वाचलं. "मॅडम, या दोघा जेन्ट्सच्या खोलीत चुकून डबल बेड पडलाय. ट्विन करायला सांगा." मी म्हटलं, चुकून नाही. तो बिचारा चहा सांगायला बाहेर गेला तो बराच वेळ आला नाही! पण एक गोष्ट त्याने फार उपयोगी सांगितली. आमची बोट मधे ट्युनिशियाला लागणार होती, तो देश शेंगेनमध्ये नाही. अशा वेळी एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही, एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागतो. नाहीतर परतीला पंचाईत. बोटीने जाणाऱ्या प्रत्येकाने हे आधी तपासावं. आणि निदान एक दिवस आधी बंदराच्या गावी पोचावं. विमानाला उशीर झाला म्हणून बोट कोणासाठी थांबत नाही.

आमचं हॉटेल एशाम्पला भागात होतं. एकोणिसाव्या शतकात सेर्दा नावाच्या इंजिनिअरने आखलेली ही वस्ती. प्रत्येक चौकात इमारतींचे कोपरे तिरके कापलेले, त्यामुळे चौक ऐसपैस. यातल्या एका भागाला लोक गमतीने 'गेशाम्पला' म्हणतात, इतकी तिथे समलिंगी मंडळींची हॉटेलं, कॅफे, पुस्तकांची दुकानं. काउंटरवरच्या मुलीने चौघांचे पासपोर्ट घेतले, दोन किल्ल्या दिल्या. कोण कोणाचं कोण, एका शब्दाने विचारलं नाही. वहिनी लिफ्टमध्ये म्हणाल्या, "झालं? एवढंच?" आठ दिवस त्या याच क्षणाला घाबरत होत्या.

हे गाव जन्मापासून असं नव्हतं. फ्रँकोच्या राजवटीत १९७० च्या एका कायद्याखाली अशा माणसांना 'समाजाला धोका' म्हणून डांबत असत. २६ जून १९७७ रोजी याच गावच्या रांब्लावर स्पेनमधला त्यांचा पहिला मोठा मोर्चा निघाला. २००५ मध्ये लग्नाचा कायदा झाला. म्हणजे अट्ठावीस वर्षं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी ३७७ कलमातला गुन्हा काढला, पण लग्नाचा हक्क १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नाकारला. म्युनिचचा नवरा तारिहाळला आला की कागदोपत्री नुसता मित्र.

सिउतादेला बागेत एक गुलाबी त्रिकोणाचं स्मारक आहे. जवळच्या बँडस्टँडला सोनिया नावाच्या ट्रान्स स्त्रीचं नाव दिलंय. १९९१ मध्ये नवनाझी पोरांनी तिला तिथे मारहाण करून ठार केलं. भाचा हे सांगत होता आणि वहिनी मधेच म्हणाल्या, "आपल्या सौंदत्तीच्या जोगप्पांसारखी का रे?" अगदी तसंच नाही, पण त्यांनी दुवा बरोबर जोडला. यल्लम्माच्या जत्रेत जोगप्पांच्या पाया पडणारे आपणच, आणि गल्लीत त्यांना हसणारेही आपणच. मंजम्मा जोगतींना २०२१ चा पद्मश्री मिळाला तेव्हा कुठे आपल्या माना वर झाल्या.

दुसऱ्या दिवशी रेल्वेने सिट्जेसला गेलो. चाळीसेक मिनिटांचा प्रवास, समुद्रकाठी चर्च. तिथल्या फरसबंदीवरून सत्तरीचे दोन म्हातारे हातात हात घालून चालले होते. वहिनी किती तरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "म्हातारपणी सोबत असते म्हणजे यांना." त्यांची खरी काळजी ही होती तर! जेवायचे हाल होतील असं वाटलं होतं, पण टोमॅटो चोळलेला पाव सगळीकडे मिळतो. त्यावर वहिनींची शेंगा चटणी. जर्मन जावयाने (मी तरी हाच शब्द वापरते) तीन पाव खाल्ले. तेव्हाच वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "तम्मा, इन्न स्वल्प हाकली?" आणखी थोडं वाढू? हाकेचा प्रश्न असा सुटला.

शेवटच्या रात्री ट्युनिशियाचा विषय निघाला. तिथल्या दंडसंहितेच्या २३० कलमाखाली पुरुषांतल्या संबंधांना तीन वर्षांपर्यंत कैद आहे. भाचा शांतपणे म्हणाला, "आम्ही दोघं त्या दिवशी बोटीवरच राहू. तुम्ही कार्थेजचे अवशेष बघून या." मी इतिहास शिकवते, कार्थेज बघायचं माझं कॉलेजपासूनचं स्वप्न. वहिनींनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "मुलाला जिथे उतरता येत नाही तिथे मी कशाला उतरू?" मी गप्प बसले. खरं सांगते, मला थोडं वाईट वाटलं, कार्थेजचं.

सकाळी कोलंबसच्या पुतळ्याजवळून बंदराची बस धरली. (बॅगा घेऊन चालत जायच्या भानगडीत पडू नये, धक्के लांब आहेत, आणि रांब्लावर पाकीट सांभाळावं.) ट्युनिसला मी एकटीच उतरले. तीन तासांत अवशेष बघून परत आले, तर डेकवर वहिनी 'तम्मा'ला कन्नड आकडे शिकवत होत्या. ओंदु, एरडु, मूरु.

अण्णा अजून जावयाशी बोलत नाहीत. फोटो मात्र त्यांनी पाहिले. बोट बांधायचे दोर केवढे जाड असतात, ते कशावर गुंडाळतात, हे मला दोनदा विचारलं. मला सांगता आलं नाही. म्हटलं, लेकाला विचारा. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधून त्यांनी त्याला फोन केला असं वहिनींकडून कळलं. दोरांबद्दलच बोलले म्हणे, वीस मिनिटं.