वर वळलेल्या नाकाची शस्त्रक्रिया

वर वळलेल्या नाकाची शस्त्रक्रिया ही नाकाचे प्रमाणाबाहेर उचललेले टोक खाली आणण्यासाठी व नाकाची लांबी वाढवण्यासाठी केली जाणारी सुघटन शस्त्रक्रिया (प्लास्टिक सर्जरी) आहे. अशा नाकात समोरून पाहिले असता नाकपुड्यांची छिद्रे ठळकपणे दिसतात. मराठीत आखूड, बसक्या किंवा वर वळलेल्या नाकाला 'नकटे' म्हणतात. 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' या म्हणीत त्याकडे पाहण्याची जुनी सामाजिक दृष्टी दिसते. वैद्यकीयदृष्ट्या हा आजार नाही. बहुतेकांना उपचाराची गरज नसते.

मोजमाप

वरचा ओठ आणि दोन नाकपुड्यांमधील स्तंभ यांतील कोन पाहून टोकाचा कल ठरवतात. हा कोन पुरुषांमध्ये साधारण ९० ते ९५ अंश, तर स्त्रियांमध्ये ९५ ते ११० अंश असावा, असे पाठ्यपुस्तकांत मानले जाते. वंश व चेहऱ्याच्या ठेवणीनुसार त्यात फरक पडतो.

कारणे

बहुतांश व्यक्तींमध्ये ही ठेवण आनुवंशिक असते. इतरांमध्ये अपघात, नाकाच्या पडद्यातील पू किंवा साकळलेल्या रक्तामुळे कूर्चेचा झालेला नाश, तसेच कुष्ठरोग व उपदंश यांसारखे रोग कारणीभूत असतात. पूर्वीच्या शस्त्रक्रियेत पडद्याची कूर्चा प्रमाणाबाहेर काढली गेल्यासही नाक आखूड होते.

इतिहास

अमेरिकेतील रॉचेस्टर येथील शल्यविशारद जॉन ऑर्लँडो रो यांनी १८८७ मध्ये अशा नाकावरील शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. बाहेर व्रण राहू नये म्हणून त्यांनी नाकाच्या आतून छेद घेऊन टोकाची जादा ऊती काढली. पुढे, काढून टाकण्याऐवजी आधार जोडण्यावर भर वाढला. स्टीव्ह बर्ड व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पडदा पुढे वाढवणाऱ्या कूर्चाकलमाची पद्धत मांडली.

शस्त्रक्रियेच्या पद्धती

दोष सौम्य असल्यास टोकावर कूर्चेचा लहान तुकडा बसवतात. दोन भुवयांमधील नाकाचे मूळ उंच केल्यासही नाक लांब भासते. यात टोक प्रत्यक्षात खाली येत नाही.

मध्यम दोषात टोकाच्या कूर्चा सभोवतालच्या ऊतींपासून मोकळ्या करून खाली सरकवतात. त्या परत वर जाऊ नयेत म्हणून पडद्याला कूर्चेची पट्टी जोडून त्यांना तिच्यावर टाके घालून स्थिर करतात. ही पट्टी बहुधा पडद्यातूनच घेतात. मात्र नाकाचा आधार टिकण्यासाठी वरच्या व पुढच्या कडेला किमान १० मिमी रुंदीची कूर्चा राखावी लागते.

दोष तीव्र असल्यास किंवा पडद्यात पुरेशी कूर्चा नसल्यास बरगडीची कूर्चा वापरतात. आतील अस्तर अपुरे असल्यास कानाची त्वचा व कूर्चा एकत्रितपणे रोपतात.

मर्यादा व धोके

नाक लांब करणे हे ते आखूड करण्यापेक्षा अवघड असते. कूर्चा अन्य ठिकाणाहून मिळवता येते. परंतु नाक किती लांब होईल हे बाहेरील त्वचा व आतील अस्तर किती ताणले जाते यावर ठरते. आधीच्या शस्त्रक्रियेमुळे ऊती कडक झालेल्या असल्यास ही मर्यादा लवकर येते. अति ताणामुळे त्वचेचा रक्तपुरवठा खंडित होऊ शकतो किंवा टोक पुन्हा वर जाते. जंतुसंसर्ग, टोकाचा ताठरपणा, श्वासास अडथळा व बरगडीची कूर्चा वाकणे हे अन्य धोके होत.

शस्त्रक्रियेविना हायल्युरॉनिक आम्लाचे इंजेक्शन (फिलर) देऊनही तात्पुरता बदल करता येतो. ते रक्तवाहिनीत शिरल्यास त्वचा मृत होणे किंवा कायमचे अंधत्व येणे, असे क्वचित पण गंभीर परिणाम संभवतात.

शस्त्रक्रियेनंतर

नाकावरील आधारपट्टी साधारण एका आठवड्याने काढतात. टोकाची सूज पूर्ण उतरण्यास सुमारे एक वर्ष लागते. म्हणून दुरुस्तीची शस्त्रक्रिया सहसा त्यापूर्वी करत नाहीत. केवळ रूपासाठी करावयाची शस्त्रक्रिया चेहऱ्याची वाढ पूर्ण होईपर्यंत लांबणीवर टाकतात.