किनाऱ्यावरचा वारा, पैनगंगेकाठचा वारा

26 सप्टेंबर 2021च्या संध्याकाळी 'गुलाब' चक्रीवादळ आंध्रात कलिंगपट्टणमच्या थोडं उत्तरेला किनाऱ्यावर आलं. वारा ताशी 75 ते 85 किलोमीटर, झोत 95पर्यंत. तिथून तेलंगणातलं आदिलाबाद सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत वादळाचा जोर ओसरत गेला, पण ते विरलं नाही; तेलंगण ओलांडून मराठवाड्यावर आणि विदर्भावर आलं. 28 तारखेला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात एसटी वाहून गेली, माणसं गेली. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. मग हाच अवशेष अरबी समुद्रात उतरला, 'शाहीन' या नव्या नावाने उठला आणि 3 ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर पोचला.

या प्रवासातला पाऊस आपण मंडळवार मिलिमीटरमध्ये बोलतो. वाऱ्याबद्दल मात्र किनाऱ्यावरचे आकडे सांगून झाले की नोंदच थांबते. आदिलाबाद, किनवट, उमरखेड या पट्ट्यात जमिनीलगत वारा कसा वाहिला, किती उसळला, कुठून फिरला, हे कोणी विचारतही नाही. सप्टेंबरअखेर शेंगांनी भरलेलं सोयाबीन आडवं पडतं, पऱ्हाटी मुळापासून हलते आणि ओल्या रानात मग उभी राहत नाही. पंचनाम्यात ते सगळं 'अतिवृष्टी' या एकाच शब्दात जातं. गेल्या दोनशे वर्षांत वादळातला वारा मोजायला माणूस कसा शिकला आणि ते शिकणं आपल्या रानापर्यंत किती पोचलं, हे पाहावंसं वाटण्याचं कारण हे.

आपल्याकडची वेधशाळा जन्माला आली ती समुद्राकडे तोंड करून. कुलाब्याची वेधशाळा 1826ची, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांसाठी. 5 ऑक्टोबर 1864ला कलकत्त्यावर चक्रीवादळ आलं, हजारो माणसं गेली. त्या धक्क्यातून आणि पुढच्या दुष्काळांतून 1875 मध्ये हवामान खातं उभं राहिलं. वारा कुठून येतो आणि बंदरातल्या जहाजांना इशारा कधी द्यायचा, हा तेव्हाचा प्रश्न होता. त्या काळात तो रास्तच होता.

उपकरणं मात्र अपघातांनी घडवली. आयर्लंडच्या रॉबिन्सनने 1846 मध्ये चार वाट्यांचा फिरता वायुवेगमापक बनवला. वाट्या वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगाने फिरतात, मग त्या केवढ्याही असोत, अशी त्याची समजूत होती. ती चुकीची निघाली, पण तोवर जगभरच्या नोंदी त्या हिशेबाने झाल्या होत्या. 28 डिसेंबर 1879च्या रात्री स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वेपूल वादळात गाडीसकट कोसळला, आणि वाऱ्याचा दाब नेमका किती असतो हे कोणालाच धड ठाऊक नाही हे उघडं पडलं. त्यानंतरच्या शोधातून विल्यम डाइन्सचा दाबनळीचा वायुवेगमापक आला. त्यात झोत कागदावर उमटू लागला. सरासरीच्या रेषेभोवती दाट काळं केसाळ रेखाटन, वरचं टोक म्हणजे झोत, खालचं म्हणजे ओसर. वारा सलग वाहत नाही, तो उसळत वाहतो, हे डोळ्यांना प्रथम दिसलं ते अशा कागदांवर.

या उसळण्यालाच शास्त्रात प्रक्षोभ म्हणतात, आणि नुकसानीचा सारा हिशेब त्यातच आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 40चा वारा क्षणभर 60 झाला, तर ढकलणारं बळ दीडपट नव्हे, सव्वादोन पट होतं. पत्रा उडतो तो या क्षणात. सरासरीत तो क्षण बुडून जातो. शिवाय सरासरी कोणती, यावरही एकमत नाही. आपलं हवामान खातं तीन मिनिटांची धरतं, अमेरिका एका मिनिटाची, जागतिक संघटना दहा मिनिटांची. प्रशांत महासागरातल्या टायफूनचे आकडे आणि बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळाचे आकडे शेजारी ठेवताना वर्तमानपत्रं हे लक्षात घेत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

झोत आणि सरासरी यांतलं अंतर किती मोठं असू शकतं, हे 10 एप्रिल 1996ला ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर दिसलं. 'ऑलिव्हिया' चक्रीवादळात तिथल्या खांबावर ताशी 408 किलोमीटरचा झोत नोंदला गेला. त्या वेळचा पाच मिनिटांचा सरासरी वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. आकडा इतका अचाट की कोणी मानायला तयार नव्हतं. जागतिक हवामान संघटनेने तपासणीनंतर तो 2010 मध्ये मान्य केला. 1934 पासून अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनकडे असलेला 372चा उच्चांक मोडायला, म्हणजे मोडला हे कळायला, चौदा वर्षं गेली.

आणि मोठ्या वादळात खांब टिकतोच असं नाही. 29 ऑक्टोबर 1999ला ओडिशाच्या पारादीपजवळ महाचक्रीवादळ आलं. त्याचा ताशी 260 किलोमीटरचा वेग आपण सांगतो, पण तो उपग्रहाच्या चित्रांवरून, ढगांच्या वळणांवरून अंदाजलेला आहे. 12 ऑक्टोबर 2014ला 'हुदहुद' विशाखापट्टणमवर आलं, तेव्हा तिथल्या डॉप्लर रडारचंच नुकसान झालं. जिथे मोजणी सर्वांत हवी तिथेच ती तुटते. म्हणून अमेरिकेत 1998च्या सुमारास अभियंत्यांनी दहा मीटरचे मजबूत फिरते खांब बनवले. वादळ येण्याआधी ते वाटेत नेऊन रोवायचे आणि माणसांनी निघून यायचं. आपल्याकडे चेन्नईच्या संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्राने 52 मीटर उंचीच्या जाळीदार मनोऱ्यावर वारा आणि मनोऱ्याचं हलणं एकाच वेळी मोजलं. चक्रीवादळाआधी, वादळानंतर आणि एरवी, असे तिन्ही काळ त्यांनी तपासले. 2000 सालच्या आसपास प्रसिद्ध झालेलं हे काम सामान्य वाचकापर्यंत कधी आलंच नाही. विजेचे मनोरे आणि मोबाइलचे टॉवर कसे बांधावेत, याच्या मुळाशी अशा नोंदी असतात. भारतीय मानकात नागपूरला सेकंदाला 44 मीटर, पुण्याला 39, विशाखापट्टणमला 50 असा मूळ वेग धरतात. तो दहा मीटर उंचीवरचा, तीन सेकंदांचा झोत असतो.

दहा मीटर. इथेच शेतकऱ्याचा आणि वेधशाळेचा वारा वेगळा होतो. जमीन वाऱ्याला अडवते; मोकळ्या माळावर दोन मीटर उंचीवरचा वेग दहा मीटरच्या साधारण 70 ते 75 टक्के भरतो. वेग कमी, पण उसळणं सरासरीच्या मानाने जास्त. खाली ढेकळं, पऱ्हाटी, बांधावरची बाभूळ, पत्र्याचं गोठाघर, प्रत्येक वस्तू आपापला भोवरा सोडत असते. पीक जगतं ते या थरात.

या थराकडे वाकून पाहिलं ते पुण्यात. 1932 मध्ये तिथे हवामान खात्याचा कृषी विभाग सुरू झाला आणि एल. ए. रामदास यांनी जमिनीलगतच्या हवेचा ध्यास घेतला. निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीवर नसून वीत-दोन वीत वर असते, हे त्यांनी दाखवलं तेव्हा युरोपात बराच काळ कोणी विश्वास ठेवला नाही. कळमकर आणि गद्रे यांच्यासह त्यांनी उभ्या पिकातली हवा मोजली. पिंजऱ्यातल्या तापमापकाची हवा आणि पिकाची हवा एक नव्हे, ही दृष्टी महाराष्ट्राने देशाला दिली, आणि मला ती आपल्या विज्ञानातली फार मोलाची ठेव वाटते.

पुढचं पाऊल ध्वनीचं. वाट्यांना जडत्व असतं. झोत आला की त्या चटकन वेग घेतात, ओसरला की हळूहळू मंदावतात, म्हणून उसळत्या वाऱ्यात आकडा थोडा चढाच येतो. ध्वनी-वायुवेगमापकात फिरणारं काही नसतं. दोन टोकांमध्ये आवाज इकडून तिकडे जायला किती वेळ लागला, त्यावरून सेकंदाला दहा-वीस वेळा वारा मोजतात, आडवा आणि उभाही. 1990च्या 'माँटब्लेक्स' प्रयोगात जोधपूर, दिल्ली, वाराणसी, खरगपूर इथे 30 मीटरचे मनोरे उभे राहिले. रोद्दम नरसिंह यांच्यासारखे लोक त्यामागे होते. 1997 मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने साबरमतीच्या खोऱ्यात शेतजमिनीवर असाच प्रयोग केला. पण यातलं काहीच वादळांसाठी नव्हतं. वादळात या उपकरणाची एक अडचणही आहे: टोकांवर पावसाचे थेंब बसले की नोंदी बिघडतात.

दख्खनच्या आतल्या भागात वादळाच्या अवशेषाखालचा प्रक्षोभ असा कोणी ध्यास घेऊन मोजल्याचं माझ्या वाचनात नाही. कारण उघड आहे. वादळ आदिलाबादला पोचेतो खात्याच्या श्रेणीत ते 'डिप्रेशन' होतं, म्हणजे ताशी 31 ते 49 किलोमीटर, किंवा त्याहून खाली. ऑक्टोबर 2020चं काकिनाड्याचं डिप्रेशन असो वा सप्टेंबर 2024चं कलिंगपट्टणमचं, दोन्ही प्रसंगी बातमी पावसाचीच होती. पण उन्हाळ्याअखेर वळवाचं वादळ याहून जोराचा वारा घेऊन येतं. ते चार-पाच गावांच्या रुंदीचं असतं आणि अर्ध्या तासात संपतं.

आणि आता वाऱ्याच्या आकड्यावर पैसा ठरतो. महाराष्ट्राच्या हवामान आधारित फळपीक विम्यात केळीला मार्च ते जुलै या काळात ताशी 40 किलोमीटरहून जास्त वारा हा निकष आहे. अर्धापूरच्या बागा पैनगंगेपासून फार दूर नाहीत. बाग लोळली, पण महसूल मंडळातल्या खांबावर 38 आलं, तर? हा खांब कोणत्या उंचीवर आहे, शेजारी झाड वाढलंय का, गोदाम बांधलंय का, यावर ते दोन किलोमीटर सहज फिरतात. अडथळ्यापासून त्याच्या उंचीच्या दहापट अंतर असावं हा जगाचा नियम. तो गावात पाळणं किती कठीण, हे कुठल्याही तलाठ्याला ठाऊक आहे.

साधनं नाहीत असं नाही. आदिलाबादला हवामान खात्याची वेधशाळा आहे. तेलंगणाने मंडलवार हजाराहून जास्त स्वयंचलित केंद्रं उभारली. महाराष्ट्रात 2017 पासून 'महावेध'ची दोन हजारांवर केंद्रं आहेत. 1956 मध्ये किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून महाराष्ट्राच्या वाटेने गेले, आणि आज एकाच पैनगंगेच्या दोन काठांवर दोन सरकारांची जाळी आहेत. वादळ बेला-जैनथवरून नदी ओलांडतं ते घटकाभरात. दोन्ही काठांच्या नोंदी एका नकाशावर, मिनिटामिनिटाने मांडल्या, तर अवशेषाच्या कोणत्या बाजूला झोत उठतात हे एका पावसाळ्यात दिसू लागेल. त्यासाठी नवा मनोरा लागत नाही. प्रत्येक खांबाची उंची, चहूबाजूंचे फोटो, सरासरी किती मिनिटांची आणि झोत किती सेकंदांचा, एवढं त्या आकड्याशेजारी छापलेलं हवं. दोन-चार खांबांवर ध्वनीचे मापक बसवून ते पऱ्हाटीच्या उंचीवर आणि दहा मीटरवर असे दोन्हीकडे ठेवावेत, आदिलाबाद आणि किनवट दोन्हीकडे, जूनपासून नोव्हेंबरपर्यंत.