फुजैराच्या डोंगरातला समुद्र किती खोल होता?

दुबईहून फुजैराला जाणारा प्रवासी हजर पर्वत ओलांडून सुमारे दीड तासात एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर पोहोचतो. मात्र या दोन समुद्रांच्या खोलीत विलक्षण तफावत आहे. पर्शियन आखाताची सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. फुजैराच्या बाजूच्या ओमानच्या आखाताचा तळ मात्र काही ठिकाणी ३,००० मीटरच्याही खाली जातो. आजची ही खोली ध्वनिलहरींनी मोजता येते. ज्या प्राचीन समुद्राचा तळच आता हजरच्या कड्यांत उघडा पडला आहे, त्याची खोली कशी ठरवायची?

याचे उत्तर वाळूच्या कणाएवढ्या जीवाश्मांत दडलेले आहे. फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय सागरी जीव असून त्यांपैकी बहुतेकांचे कवच चुन्याचे असते. काही जाती तळाशी राहतात, तर काही वरच्या पाण्यात तरंगतात. समुद्र जसजसा खोल होतो, तसतसे तळापर्यंत पोहोचणारे अन्न घटते, तळवासी विरळ होतात आणि गाळात तरंगत्या जातींच्या कवचांचे प्रमाण वाढते. डच संशोधक फान डर झ्वान व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हा संबंध सूत्रात बांधला. त्यानुसार तरंगती कवचे मुळीच नसतील तर खोली सुमारे ३६ मीटर, निम्मी असतील तर सुमारे २१० मीटर आणि ९० टक्के असतील तर सुमारे ८७० मीटर येते.

सूत्र सुटसुटीत असले, तरी समुद्र तसा नाही. ओमानच्या आखातात आणि अरबी समुद्रात साधारण २०० ते १,००० मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू अत्यल्प असतो. तेथे तळवासी जाती खोलीमुळे नव्हे, तर प्राणवायूच्या अभावी कमी होतात. परिणामी खोलीचा अंदाज वास्तवापेक्षा अधिक निघू शकतो. उलट, तरंगत्या जातींची नाजूक कवचे आधी विरघळली, तर तोच अंदाज कमी भरतो. म्हणूनच अभ्यासक केवळ टक्केवारीवर विसंबत नाहीत; कोणत्या जाती आढळल्या, त्या अल्प प्राणवायूत तगणाऱ्या आहेत का आणि कवचे झिजलेली आहेत का, हेही ते तपासतात.

डिब्बा परिसरातील चर्टचे थर याहून कठीण कोडे घालतात. मध्यजीव महाकल्पात सागरतळावर साचलेले हे थर क्रिटेशस काळाच्या उत्तरार्धात, सागरी कवचाच्या खडकांसह, अरबस्तानच्या कडेवर ढकलले गेले. त्यांत चुन्याऐवजी सिलिकाचे सांगाडे असलेले रेडिओलॅरिया आढळतात. आजच्या महासागरांत साधारण ४ ते ५ किलोमीटर खोलीखाली चुन्याची कवचे विरघळून जातात. मग डिब्बाचा समुद्रही तेवढाच खोल होता काय? तसे थेट म्हणता येत नाही. ज्युरासिक काळात चुन्याची कवचे बनवणारे तरंगते जीव आजच्याइतके विपुल नव्हते; त्यामुळे ही मर्यादा बरीच वर असू शकत होती. किनाऱ्यापासून दूरचा, खोल तळ एवढेच खात्रीने सांगता येते. नेमका आकडा नव्हे.

या सावधगिरीला व्यावहारिक मोलही आहे. हबशानहून फुजैराला येणारी तेलवाहिनी २०१२ मध्ये सुरू झाली. अबूधाबीच्या तेलाचा मोठा भाग क्रिटेशस काळाच्या पूर्वार्धातील उथळ समुद्राच्या चुनखडकांत साठलेला आहे. तेथील शुऐबा थरात उथळ कडेला सच्छिद्र खडक तयार झाले, तर लगतच्या खोलगट भागात घट्ट, बारीक कणांचा गाळ साचला. विहिरीतून आलेल्या खडकात उथळ पाण्यातील ऑर्बिटोलिना सापडते की तरंगत्या जाती, यावरून आपण त्या प्राचीन समुद्राच्या कडेला आहोत की खोलगटात, याचा अंदाज बांधता येतो. तो चुकला, तर पुढची विहीर भलत्याच जागी खोदली जाण्याची शक्यता असते.

सूक्ष्मजीवाश्म ही काही मोजपट्टी नव्हे. ते साक्षीदार आहेत. अनेकांची साक्ष जुळली, तरच खोलीचा निवाडा करता येतो, आणि तोही एका आकड्यात नव्हे, तर 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' अशा शब्दांत.