वर्गचर्चा आणि चिन्हमर्यादा

मोठ्या वर्गातील चर्चा बहुधा पुढच्या बाकांपुरती उरते. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील शाखेत इतिहासाच्या प्राध्यापिका मोनिका रँकिन यांनी २००९ साली सुमारे ९० विद्यार्थ्यांच्या वर्गात यावर ट्विटरचा (आजचे एक्स) उपाय योजला. विद्यार्थी तासालाच मते लिहीत; ती पडद्यावर उमटत. एरवी गप्प राहणारेही त्यामुळे सहभागी झाले. एका नोंदीला मात्र तेव्हा १४० चिन्हांचीच मर्यादा होती. (मराठीत काना-वेलांटीही स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजली जाते!) एवढ्या जागेत विधान मावते, पुरावा मावत नाही. साहित्याच्या वर्गात हा पेच अधिक तीव्र होतो. कारण संहितेचा आधार न देता मांडलेले मत ही समीक्षा नसून केवळ अभिरुचीचा उच्चार होय. तो आधार तोंडी मागण्यासाठी अध्यापकाला पडद्याकडून पुन्हा बाकांकडे वळावे लागते.