कार्ड गार होतं

“मामा, कार्ड गेलंय बहुतेक,” असा भाच्याचा फोन आला, तोवर त्याने रात्रभर जागून उबुंटू दोनदा नव्याने टाकून पाहिलं होतं. रविवारी सांगलीला ताईकडे गेलो. टेबलाखाली कॅबिनेट, आत वापरलेलं म्हणून स्वस्तात मिळालेलं जीटीएक्स १६५० कार्ड. मॉनिटरवर अक्षरं फुगलेली, कारण रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वर अडकून बसलेलं. त्याने सुपरटक्सकार्ट सुरू करून दाखवला. गाडी वळणाच्या अलीकडे दिसायची आणि पुढच्या चित्रात थेट भिंतीवर. सेकंदाला जेमतेम चार चित्रं पडत होती.

मी कॅबिनेटचं झाकण काढलं. प्रोसेसरचा पंखा भणभणत होता. खेळ तसाच चालू ठेवून कार्डाच्या पाठीला बोट लावलं, तर ते गार. मला तिथेच हायसं वाटलं. खेळ चालू असताना कार्ड गार असेल, तर चित्र काढायचं काम त्याच्याकडे पोचतच नाहीये. टर्मिनलमध्ये जीएलएक्सइन्फो चालवलं. रेंडररच्या ओळीत कार्डाच्या नावाऐवजी ‘एलएलव्हीएमपाइप’ लिहिलेलं होतं. मेसा या ग्राफिक्स संचातला हा भाग कार्डाचा ड्रायव्हर मिळाला नाही की सगळं चित्र प्रोसेसरकडून काढून घेतो. एका चित्रात ७,८६,४३२ ठिपके, आणि प्रत्येकाचा हिशोब प्रोसेसरच्या डोक्यावर. पंखा ओरडेल नाहीतर काय.

“मग ड्रायव्हर परत टाकू?” भाच्याची बोटं कीबोर्डवर गेलीसुद्धा होती. मी त्याला थांबवलं. पुन्हा टाकल्याने कधी कधी चालू होतं, हे खरं. पण का बंद होतं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी माणूस तितकाच आंधळा असतो. लिनक्सवर खेळ चालतो तो थरांवर थर रचून. सर्वांत खाली कार्ड, त्यावर कर्नलमधलं मॉड्यूल, त्यावर ओपनजीएल आणि वल्कनच्या लायब्ररी, विंडोजचा खेळ असेल तर त्यावर प्रोटॉन, आणि मग खेळ. तक्रार वरच्या मजल्यावर ऐकू येते, पण चौकशी तळापासून करायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशामुळे जमलं ते हातून निसटतं.

एलएसपीसीआयच्या यादीत कार्ड नावानिशी हजर होतं, म्हणजे मदरबोर्डला ते दिसत होतं. पण त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच नव्हती. मॉड्यूल तयार तर झालं होतं. डीकेएमएस स्टेटस दिल्यावर चालू कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ लिहून आलं. लिनक्स कर्नलच्या आतली मांडणी आवृत्तीगणिक बदलते, म्हणून कर्नलबाहेरचं मॉड्यूल दर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावं लागतं. ते काम आपोआप करणारी ही डीकेएमएस सोय डेल कंपनीतल्या लिनक्सवाल्यांनी उभी केली. बांधलेलं मॉड्यूल मग आत का जात नव्हतं? मॉडप्रोबने हाताने घालून पाहिलं आणि उत्तर एका ओळीत मिळालं: ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’.

ही ओळ दिसली की मला बरं वाटतं, कारण ती नेमकं सांगते. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल सहीशिवायचं मॉड्यूल आत घेत नाही. आपल्याच मशीनवर बांधलेल्या मॉड्यूलवर आपल्याच किल्लीची सही असते, आणि ती किल्ली मशीनला एकदा ओळखीची करून द्यावी लागते.

“ड्रायव्हर टाकताना पासवर्ड ठरवायला सांगितला होता का?”

“हो. मग रीस्टार्टला निळी स्क्रीन आली. मला वाटलं काहीतरी बिघडलं, म्हणून हात नाही लावला.”

दोन्ही वेळा तेच झालं होतं. ती निळी स्क्रीन दहा सेकंद थांबते. तेवढ्यात कळ दाबली नाही तर मशीन पुढे निघून जातं आणि किल्लीची विनंती तिथेच संपते. दहा सेकंद फार कमी आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. नवख्या माणसाला ती स्क्रीन वाचायलाच तेवढे लागतात. सिक्युअर बूट बंद करूनही हे सुटलं असतं, पण चालणारं कुलूप काढून टाकणं माझ्या जिवावर येतं. मोकयुटिलने किल्ली पुन्हा नोंदवायला दिली आणि रीस्टार्ट केलं. भाचा एंटरवर बोट ठेवून बसला. निळा पडदा, ‘एनरोल मोक’, ‘कंटिन्यू’, ‘यस’, पासवर्ड, पुन्हा रीस्टार्ट. या वेळी लॉगिनची पाटी तिच्या नेहमीच्या, बारीक आकारात उमटली. सुपरटक्सकार्टची गाडी वळण घेऊन सरळ निघाली. पाच मिनिटांनी कार्डाला हात लावला, तर ते चांगलं तापलेलं.

पण त्याला खेळायचा होता एज ऑफ एम्पायर्स २, २०१३ची एचडी आवृत्ती. स्टीममध्ये हिरवं ‘प्ले’ बटण दाबलं की निळं ‘स्टॉप’ व्हायचं आणि दोन सेकंदांत परत हिरवं. विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये आणलं. त्यातला डीएक्सव्हीके हा भाग डायरेक्टएक्सचे हुकूम वल्कनमध्ये उतरवतो. फिलिप रेबोहल या प्रोग्रॅमरने तो लिहायला घेतला, तो ‘निअर ऑटोमाटा’ हा खेळ लिनक्सवर चालावा म्हणून. एका खेळापायी केलेल्या या खटपटीवर आज हजारो खेळ चालतात, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

लाँच ऑप्शनमध्ये प्रोटॉन लॉग चालू केला. होम फोल्डरमध्ये फाइल आली. तिच्यातल्या शेकडो ओळी सोडून डीएक्सव्हीकेची तेवढी शोधली: ‘नो अडॅप्टर्स फाउंड’. चालू असलेलं कार्ड याला दिसत कसं नाही? खेळ जुना, ३२ बिटचा. ड्रायव्हरच्या लायब्ररी मशीनवर होत्या त्या फक्त ६४ बिटच्या. ३२ बिटची जोडी वेगळी टाकावी लागते, आणि तिची आवृत्ती कर्नलमधल्या मॉड्यूलशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळावी लागते. जुळणारी टाकली. ताई चहा घेऊन आली तेव्हा पडद्यावर गावकरी लाकूड तोडत होते.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. “मामा, नवा कर्नल आलाय. डीकेएमएसमध्ये जुन्या-नव्या दोन्ही कर्नलपुढे इन्स्टॉल्ड दिसतंय. आता रीस्टार्ट करतो.”